चित्रकार चुगताई आणि इराणी रेषा

इ. स. १९२८ सालीं लाहोर येथें ‘मुरक्का-इ-चुगताई’ नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मिर्झा गालिबच्या उर्दू दिवाणाची ही सचित्र आवृत्ति. चित्रें अब्दुर रहमान चुगताई यांचीं आणि प्रस्तावना महाकवि इक्बाल यांची. प्रस्तावनेंत ग्रंथकाराची थोडीबहुत भलावण असावयाची, हा शिष्टाचार आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. इक्बालांनीं निराळेंच केलें. चित्रविद्येच्या तंत्रांत आपणांस अधिकार नाहीं असें सांगून त्यांनीं पुढें स्पष्ट लिहिलें कीं, वास्तुशिल्प सोडल्यास इस्लामची कला, मग तें संगीत असो, चित्र असो वा काव्य असो, अद्याप जन्मास यावयाची आहे! ज्याचें घराणेंच कारागिरांचें, त्या चित्रकारानें हें मत आपल्या ग्रंथाच्या अग्रभागीं छापून घेतलें. यांत त्याची विनयशीलता किती आणि आत्मविश्वास किती, याचा निवाडा ज्यानें त्यानें करावा. आम्हांस दुसराच अंश अधिक वाटतो.

‘मुरक्का’ या शब्दाचा मूळ अर्थ ठिगळें जोडून शिवलेलें वस्त्र. पुढें इराणी दरबारांत चित्रांचे व सुलेखनाचे सुटे कागद एकत्र बांधून जे संग्रह होत, त्यांस हें नांव मिळालें. इराणची चित्रकला ही प्रथमपासून ग्रंथाच्या पोटांत वाढलेली. भिंत हें तिचें मुख्य घर नव्हे; ती मांडीवर उघडलेल्या पानावर, एका वेळीं एका रसिकासाठीं असावयाची. हेरातच्या बिहजादानें त्या पानांत माणसांची वर्दळ भरली. इस्फहानच्या रझा अब्बासीनें (मृत्यु १६३५) वर्दळ काढून टाकून एकच आकृति ठेवली, व सारें कौशल्य तिच्या कडेच्या रेषेंत ओतलें. मध्यंतरीं हुमायूनानें मीर सय्यद अली व अब्दुस समद या उस्तादांस इराणांतून हिंदुस्थानांत आणिलें, आणि मोंगल कलमाचा पाया घातला गेला. मोंगल स्वतःस ‘चुगताई’ म्हणवीत, हें लक्षांत घेतलें म्हणजे लाहोरच्या या चित्रकारास आपला वंश कोणापर्यंत नेऊन भिडवावयाचा होता, तें सांगावें लागत नाहीं.

परंतु कागदाजवळ जाऊन पाहिलें कीं ही वंशावळ वाटते तितकी सरळ राहत नाहीं. इराणी लघुचित्राची कृति अशी: कागद गारगोटीसारख्या दगडानें घोटून गुळगुळीत करावयाचा, रंग कुटून, गाळून, डिंकांत कालवावयाचे, आणि लाजवर्दी निळा, शेंदरी तांबडा, सोनें हे एकमेकांशेजारीं दाट व अपारदर्शक असे बसवावयाचे. त्यांत छाया नाहीं, धुकें नाहीं. रात्रीचा देखावा असला तरी तो दिवसासारखा लख्ख. चुगताईंचा कागद नेमका याच्या उलट. त्यावर पातळ रंगाचा हात द्यावयाचा, वाळूं द्यावयाचा, पाण्यानें धुवावयाचा आणि पुन्हा रंग द्यावयाचा. असें अनेक वेळां केलें म्हणजे रंग कागदावर बसत नाहीं, कागदांत मुरतो. आणि सबंध चित्रास संधिप्रकाशाची झांक येते. ही रीति इराणची नव्हे. योकोयामा ताइकान हा जपानी चित्रकार १९०३ सालीं कलकत्त्यास आला, त्याच्या कामावरून अवनींद्रनाथ ठाकुरांस ती सुचली. त्यांचे शिष्य समरेंद्रनाथ गुप्त लाहोरच्या मेयो कलाशाळेंत अध्यापक झाले, व त्याच शाळेंत चुगताई शिकले. बंगाली संप्रदायाचा अनुयायी म्हणून आपली गणना व्हावी, हें चुगताईंस कधींच रुचलें नाहीं. त्यांचा राग आम्हांस समजतो. पण पाण्याचा पुरावा त्यांच्या विरुद्ध आहे.

मग इराणचें असें उरलें काय? रेषा! खांद्यापासून पायघोळापर्यंत कोठेंही न तुटतां उतरणारी, दुपट्ट्याच्या चुण्यांतून, जाळीच्या नक्षींतून तितक्याच शांतपणें फिरणारी. मात्र येथेंही त्यांनीं नक्कल केली नाहीं. रझाची रेषा सुलेखनकाराच्या बोरूप्रमाणें कोठें फुगते, कोठें केसासारखी होते. तिला घाई आहे, खोडकरपणा आहे. चुगताईंची रेषा बहुधा एकाच जाडीची व संथ आहे. कारागिराच्या घरांत वाढलेल्या हाताची ती चाल असावी. आणि आकार! तळहातावर मावणारें पान त्यांनीं भिंतीवर टांगण्याइतकें वाढविलें. कवितेशीं असलेलें नातें मात्र तुटूं दिलें नाहीं. त्यासाठीं त्यांनीं गालिब निवडला, ज्याला अभिमान आपल्या फारसी कवितेचा, आणि कीर्ति लाभली ती उर्दूनें. आम्हांस ही निवड सहज झालेली वाटत नाहीं.

दोष नाहींत असें नव्हे. त्यांच्या स्त्रिया सगळ्या सख्ख्या बहिणी दिसतात. त्याच अर्धोन्मीलित पापण्या, तीच लांबट बोटें, तीच थकलेली मान. पंधरावीस चित्रें ओळीनें पाहिलीं कीं अत्तराच्या दुकानांत फार वेळ बसल्यासारखें होतें. इक्बालांस कलेंत तेज हवें होतें. येथें ग्लानि आहे.

फाळणीनंतर चुगताई पाकिस्तानचे झाले. १९४८ सालच्या त्या राष्ट्राच्या पहिल्या तिकिटसंचांतील एक तिकीट त्यांचें आहे. परंतु याच हातानें राधाकृष्ण रंगविले होते, महाभारतांतील प्रसंग रंगविले होते. आणि तशा विषयांवरील त्यांच्या चित्रांचा संग्रह १९५१ सालीं, म्हणजे फाळणीनंतर अवघ्या चार वर्षांनीं, दिल्लीस छापला गेला. इराणी वळणाचा दुपट्टा राधेच्या खांद्यावर परका दिसत नाहीं. त्यांचे बंधु डॉ. अब्दुल्ला चुगताई हे फाळणीपूर्वीं आमच्या पुण्यासच डेक्कन कॉलेजांत संशोधन करीत होते, व अहमदाबादच्या इमारतींवरील शिलालेखांचा त्यांचा अभ्यास तेथूनच बाहेर पडला. एका भावाला लाहोर व दुसऱ्याला पुणें, हें तेव्हां कोणास विशेष वाटण्यासारखें नव्हतें.

१९६८ सालीं, पहिल्या ग्रंथानंतर चाळीस वर्षांनीं, चुगताईंनीं ‘अमल-इ-चुगताई’ काढला. या वेळीं कवि होते इक्बाल. त्यांना जाऊन तीस वर्षें झालीं होतीं, तेव्हां नवी प्रस्तावना मागण्याचा प्रश्न नव्हता. चित्रकाराचें वय सत्तरीच्या घरांत. आणि पुढें सात वर्षांनीं, १९७५ च्या जानेवारींत, लाहोर येथेंच त्यांचा अंत झाला.