बहुपर्यायी प्रश्नांतील अंदाज

बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर निश्चित ठाऊक नसताना एखादा पर्याय निवडणे म्हणजे अंदाजाने उत्तर देणे होय. बोलीभाषेत यास 'तुक्का मारणे' म्हणतात. चार पर्यायांतून कोणताही एक निवडल्यास तो बरोबर असण्याची संभाव्यता १/४ असते.

नकारात्मक गुणदान

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तरासाठी त्या प्रश्नाचे एक-तृतीयांश गुण वजा होतात. त्यामुळे निव्वळ अंदाजाचा सरासरी लाभ शून्य ठरतो. मात्र एक चुकीचा पर्याय खात्रीने वगळता आल्यास संभाव्यता १/३ होते आणि उत्तर देणे सरासरीने फायद्याचे ठरते. नीट परीक्षेत बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होतो; तेथे निव्वळ अंदाजाचाही सरासरी लाभ प्रतिप्रश्न ०.२५ गुण असतो. ही सरासरी असल्याने एखाद्या परीक्षार्थीचे प्रत्यक्ष नुकसानही होऊ शकते.

प्रचलित समजुती

'काही न सुचल्यास तिसरा पर्याय निवडावा', 'एकच पर्याय सलग चार वेळा बरोबर येत नाही' अशा समजुती विद्यार्थ्यांत आढळतात. उत्तरांचा क्रम यादृच्छिक असल्यास त्यांना आधार उरत नाही. 'पहिले उत्तर बदलू नये' ही समजूतही संशोधनात टिकलेली नाही. बदललेली उत्तरे चुकीकडून बरोबरकडे जाण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे.