किलात क्लबवरची लेग बाय

वर्ल्ड कपचा इतिहास लोक फायनलपासून सांगतात. मी क्लबच्या मॅचेसची स्कोअरबुकं लिहिण्यात जन्म घालवलेला माणूस. मला तो दुसऱ्या टोकाकडून वाचायची खोड आहे. फायनलला कोण पोचलं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण मुळात आत कोणाला घेतलं, आणि दारातून कोण परत गेलं?

हे ठरवण्यासाठी आयसीसी ट्रॉफी नावाची स्पर्धा होती. १९७९ ते २००५ या काळात ती आठ वेळा झाली. कसोटी दर्जा नसलेले देश त्यात खेळायचे आणि वरचे आधी दोन, मग एक, पुढे कधी तीन, कधी पाच संघ वर्ल्ड कपला जायचे. नंतर तिचं नाव बदलून ‘वर्ल्ड कप क्वालिफायर’ झालं. नाव रुक्ष झालं, काम तेच.

पहिली स्पर्धा इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या मैदानांवर झाली. पंधरा संघ, साठ षटकांच्या मॅचेस. जिब्राल्टरने ऐनवेळी माघार घेतली, तर संख्या भरायला वेल्सला घेतलं. आपल्याकडच्या लीगमध्ये टीम कमी पडली की शेजारच्या जिमखान्याला बोलावतात, त्यातलाच प्रकार. श्रीलंकेने राजकीय कारणावरून इस्रायलशी खेळायला नकार देऊन ती मॅच सोडून दिली आणि तरीही स्पर्धा जिंकली. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे तारखा. या ट्रॉफीची फायनल वूस्टरला २१ जून १९७९ रोजी झाली. तोवर खुद्द वर्ल्ड कप सुरू होऊन तो संपत आला होता. त्याची फायनल दोनच दिवसांवर होती. श्रीलंका आणि कॅनडा हे दोघेही फायनलला आले म्हणून वर्ल्ड कपला पात्र ठरले, मग मोठी स्पर्धा खेळून परतले आणि उरलेली छोटी फायनल उरकली. वेळापत्रक आखणाऱ्यांच्या लेखी या ट्रॉफीची किंमत काय होती, ते यावरून कळतं.

मधल्या काळात श्रीलंकेने ओल्ड ट्रॅफर्डला आपल्याला ४७ धावांनी हरवलं होतं. वेंकटराघवन कप्तान, संघात गावसकर, वेंगसरकर. २३८ चा पाठलाग करताना आपण १९१ वर आटोपलो. श्रीलंकेला कसोटी दर्जा मिळाला तो १९८१ मध्ये. म्हणजे आपल्याला हरवलं तेव्हा तो खालच्या वर्गातला संघ होता. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी काढत नाही.

१९८२, १९८६ आणि १९९० या तिन्ही वेळा झिम्बाब्वे जिंकला आणि तिन्ही वेळा वर्ल्ड कपची जागा एकच होती. कपिल देवच्या टनब्रिज वेल्सच्या १७५ धावा आपल्या घराघरात पाठ आहेत. १७ वर ५ बाद ही अवस्था करणारा संघ लेस्टरला बर्म्युडाला हरवून, याच दारातून आत आलेला होता. याच स्पर्धेने १९८६ मध्ये एक भन्नाट स्कोअरकार्डही दिलं: पापुआ न्यू गिनी, जिब्राल्टरविरुद्ध साठ षटकांत ९ बाद ४५५. त्या दिवशी स्कोअररच्या हाताला कळ लागली असेल, एवढंच मी म्हणेन.

१९९४ ला स्पर्धा नैरोबीत गेली आणि खरी चुरस सुरू झाली, कारण आता जागा तीन होत्या आणि पुढचा वर्ल्ड कप भारत, पाकिस्तान, श्रीलंकेत होता. दारातच स्पर्धा म्हटल्यावर बांगलादेशचा जीव त्यात अडकलेला. पण केनियाने त्यांना १३ धावांनी हरवलं. अमिराती, केनिया आणि नेदरलँड्स पात्र ठरले. अमिरातीच्या संघात बहुतेक सगळे भारत-पाकिस्तानातून नोकरीला गेलेले. अस्सल तिथला असा कप्तान सुलतान झरवानी. त्यावरून तेव्हा कुरबूर झाली. केनियाच्या संघातही हितेश मोदी, दीपक चुडासमा ही नावं होती, पण ती पिढ्यान्‌पिढ्या पूर्व आफ्रिकेत रुजलेल्या गुजराती घरांतली. हितेशचे वडील सुभाष मोदी पंच होते. २००६ मध्ये नैरोबीतल्या एकदिवसीय सामन्यात त्यांनी स्वतःच्या मुलाला पायचीत दिलं. अंपायरिंगचं शिक्षण घेणाऱ्या पोरांना मी हे हमखास सांगतो.

नैरोबीतून आलेला तो केनिया आमच्या पुण्यात पाहायला मिळाला. २९ फेब्रुवारी १९९६, नेहरू स्टेडियम. समोर वेस्ट इंडिज. अँब्रोज, वॉल्श, बिशप असा तोफखाना. केनिया १६६ वर आटोपला. त्यात सर्वांत मोठा आकडा अवांतर धावांचा होता आणि फलंदाजांत टिकोलोच्या २९. माझ्या शेजारचे काका डबा खाऊन उठले. “आता काय बघायचंय? लारा दोन तासांत घरी पाठवतोय त्यांना,” म्हणाले आणि स्कूटर काढून गेले. मी सवयीने वही घेऊन बसलो होतो. लारा ८ वर गेला. रजब अलीच्या चेंडूला बॅटची कड लागली आणि यष्टीरक्षक तारिक इक्बालने तो झेल धडपडत, अंगाशी कवटाळून पकडला. कप्तान रिचर्डसनचा त्रिफळाही रजब अलीनेच उडवला. मग मॉरिस ओडुंबेचे साधे, सरळ ऑफस्पिन. वेस्ट इंडिज सर्वबाद ९३, साडेपस्तीस षटकंही नाहीत. ओडुंबे १५ धावांत ३, रजब अली १७ धावांत ३. काका पुढे कित्येक वर्षं सांगत, मी ती मॅच पाहिली. अर्धी पाहिली होती, हे मी चारचौघांत कधी बोललो नाही.

त्यानंतरचं वर्ष आणि पुन्हा आयसीसी ट्रॉफी: क्वालालंपूर, मार्च-एप्रिल १९९७. बावीस संघ आले होते. सगळ्या मॅचेस कृत्रिम पट्टीवर, टर्फवर एकही नाही. काथ्याच्या मॅटिंगवर वाढलेल्या आमच्या पिढीला त्याचा अर्थ लगेच कळतो: चेंडू उसळणार, पण कुठून उसळणार याचा अंदाज चांगला बॅट्समन तासाभरात बांधतो आणि मग त्याला बाद करणं अवघड. शिवाय रोज दुपारचा पाऊस.

बांगलादेशचे प्रशिक्षक होते गॉर्डन ग्रीनिज, कप्तान अक्रम खान. आयर्लंडशी मॅच पावसात वाहून गेली, त्यामुळे नेदरलँड्सला हरवणं भाग पडलं. ती मॅच रबर संशोधन संस्थेच्या मैदानावर होती. नेदरलँड्स १७१. बांगलादेश १५ वर ४. पुन्हा पाऊस, लक्ष्य ३३ षटकांत १४१. अक्रम खान नाबाद ६८ करून उभा राहिला आणि मॅच काढली. माझ्या मते बांगलादेशच्या क्रिकेटमधली सर्वांत महत्त्वाची खेळी हीच. त्या दिवशी तो गेला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. उपांत्य फेरीत स्कॉटलंडला हरवल्यावर १९९९ च्या वर्ल्ड कपचं तिकीट पक्कं झालं.

फायनल किलात क्लबवर, केनियाशी. म्हणजे नैरोबीचा हिशेब बाकी होताच. १२ एप्रिलला केनियाने ७ बाद २४१ केल्या, त्यात स्टीव्ह टिकोलोच्या १४७. या स्पर्धेच्या मॅचेसना एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्याचा दर्जा नव्हता, म्हणून त्या १४७ त्याच्या अधिकृत आकड्यांत नाहीत. त्या मैदानावरची सर्वांत देखणी खेळी रेकॉर्डबुकाच्या बाहेर उभी आहे.

मग पावसाने बांगलादेशची खेळी दुसऱ्या दिवसावर ढकलली आणि षटकं राहिली पंचवीस. इथे जरा थांबतो, कारण हा माझ्या धंद्याचा भाग आहे. पूर्वीच्या सरासरीच्या पद्धतीने निम्मी षटकं म्हणजे निम्म्या धावा, १२१ केल्या की झालं. पण डकवर्थ-लुईस नावाचं नवं कोष्टक त्याच वर्षी १ जानेवारीला हरारेत पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामन्यात वापरलं गेलं होतं. त्याचा मुद्दा साधा: षटकं निम्मी झाली तरी विकेट दहाच्या दहा आहेत, म्हणजे फटकेबाजीची मुभा जास्त. पंचवीस षटकं आणि दहा विकेट म्हणजे पन्नास षटकांच्या साधनांपैकी सुमारे ६९ टक्के. २४१ चे तेवढे टक्के काढा, लक्ष्य येतं १६६. पंचेचाळीस धावा कागदावर वाढल्या. ढाक्यात रेडिओला कान लावून बसलेल्यांना हे गणित कोणी कसं समजावलं असेल, कोण जाणे.

शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या, हातात दोन विकेट. गोलंदाज मार्टिन सुजी. पहिल्याच चेंडूवर यष्टीरक्षक खालेद मशूदने षटकार मारला. पुढे धावा ओढत ओढत, शेवटच्या चेंडूवर एक हवी. समोर हसीबुल हुसेन, मुळात वेगवान गोलंदाज. चेंडू बॅटला लागलाच नाही, पॅडला लागला, आणि दोघं जिवाच्या आकांताने पळाले. एक लेग बाय. ८ बाद १६६. हसीबुलच्या खात्यात त्या चेंडूवर शून्य.

दुसऱ्या दिवशी पोयला बोइशाख होता, बंगाली नवं वर्ष. ग्रीनिजना पुढे मानद नागरिकत्व मिळालं. पुण्यातल्या पेपरात ही बातमी क्रीडा पानाच्या तळाला चार ओळींत आली होती. वरचं सगळं पान आपल्या संघाच्या वेस्ट इंडिज दौऱ्याचं.

इथून पुढे कोणी म्हणतं, त्या एका धावेने बांगलादेश घडला. मला ते पटत नाही. पात्र तर दोघेही ठरले होते. १९९९ ला बांगलादेशने नॉर्थॅम्प्टनला पाकिस्तानला ६२ धावांनी हरवलं. १० नोव्हेंबर २००० रोजी ढाक्यात भारताविरुद्ध पहिली कसोटी खेळली आणि अमिनुल इस्लामने १४५ केल्या. त्यामागे कोट्यवधी प्रेक्षक होते, त्यांच्यामुळे येणारा टीव्हीचा पैसा होता, शेजारच्या मोठ्या देशांची मतं होती. केनियाकडे संघ होता, गर्दी नव्हती. २००३ च्या वर्ल्ड कपमध्ये आपले संदीप पाटील त्यांचे प्रशिक्षक होते आणि केनिया उपांत्य फेरीपर्यंत गेला. न्यूझीलंड सुरक्षेच्या कारणाने नैरोबीला गेलं नाही, त्याचे गुण मिळाले हे खरं. पण श्रीलंकेला त्यांनी मैदानावर हरवलं होतं. कसोटी दर्जा काही आला नाही. पुढच्याच वर्षी ओडुंबेवर पाच वर्षांची बंदी आली, मंडळात भांडणं झाली, नवी पोरं आली नाहीत. २०१४ च्या क्वालिफायरनंतर एकदिवसीय दर्जाही गेला. किलात क्लबवर शेवटच्या चेंडूपर्यंत बरोबरीत असलेले दोन संघ, आणि सतरा वर्षांत हे अंतर.

दरम्यान दार कधी रुंद झालं, कधी अरुंद. २००७ ला सोळा संघ होते. त्यात आयर्लंडने पाकिस्तानला हरवलं आणि त्याच दिवशी बांगलादेशने आपल्याला. दोन मोठे संघ पहिल्या फेरीत घरी गेल्याचा धसका एवढा, की २०१९ पर्यंत संघ दहावर आले. २०१८ च्या क्वालिफायरमध्ये त्यामुळे फक्त दोन जागा. हरारेत स्कॉटलंडच्या बेरिंग्टनला पायचीत दिलं. निर्णयावर दाद मागायला या स्पर्धेत डीआरएस ठेवलेलंच नव्हतं. लगेच पाऊस आला आणि वेस्ट इंडिज पाच धावांनी वाचलं. अडीच महिन्यांनी त्याच स्कॉटलंडने एडिंबरात इंग्लंडला हरवलं, आणि पुढचा वर्ल्ड कप घरी बसून पाहिला. २०२३ ला मात्र पुन्हा हरारेत स्कॉटलंडनेच वेस्ट इंडिजची वाट बंद केली. दोनदा जगज्जेता ठरलेला संघ वर्ल्ड कपविना. पाच दिवसांनी बुलावायोत बास डी लीडेच्या पाच विकेट आणि १२३ धावांपुढे स्कॉटलंडही गेलं, जागा नेदरलँड्सला.

२०२७ ला संघ पुन्हा चौदा होणार आहेत, चार जागा क्वालिफायरमधून. यजमान तीन: दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे, नामिबिया. पहिले दोघे आयसीसीचे पूर्ण सभासद, त्यांना थेट प्रवेश. नामिबियाने मांडव घालायचा, पाहुण्यांची सोय करायची, आणि पंगतीत पान हवं असेल तर आधी पात्रता फेरी खेळून यायचं.