गाडीच्या इंजिनमध्ये कार्बन का साचतो? तो घरी साफ करता येतो का?

सकाळी गाडी काढली. घरापासून मोंढा दीड किलोमीटर. तिथे अर्धा तास थांबलात आणि उन्हामुळे एसी चालू ठेवलात. मग मुलांना शाळेतून घेतलं आणि घरी आलात. दिवसभरात चार-पाच किलोमीटर. हिंगोलीसारख्या शहरात एमएच ३८ पासिंगच्या कितीतरी गाड्या आठवड्यातले बहुतेक दिवस अशाच चालतात.

गाडी कमी चालली म्हणजे इंजिन चांगलं राहिलं, असं मालकाला वाटतं. पण काही वर्षांनी गाडी उभी असताना थरथरायला लागते. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होत नाही. पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही कमी होतं. गॅरेजवाला बोनेट उघडतो आणि सांगतो, "कार्बन धरलाय."

मग आपण मोबाईल काढतो. कुणी चालू इंजिनमध्ये पाणी सोडताना दिसतं, तर कुणी टाकीत रॉकेल ओतायला सांगतं. यातलं काय खरं? घरी नेमकं काय करता येतं आणि गाडी गॅरेजला कधी न्यावी? समजून घेऊ.

कार्बन म्हणजे नेमकं काय?

चुलीचं उदाहरण घ्या. चूल नुकती पेटवली किंवा लाकडं ओली असली की धूर होतो आणि पातेल्याच्या बुडाला काजळी धरते. चूल रसरसली की धूर कमी होतो. इंजिनचंही तसंच आहे. थंड इंजिन सुरू करताना त्याला जास्त इंधन दिलं जातं आणि ते सगळं नीट जळत नाही. उरलेल्या अंशाची काजळी होते.

त्यात ऑइलची भर पडते. इंजिनच्या खालच्या भागातली ऑइलची वाफ बाहेर न सोडता एका पाइपने पुन्हा आत घेतली जाते. डिझेल गाड्यांमध्ये आणि काही पेट्रोल गाड्यांमध्ये प्रदूषण कमी व्हावं म्हणून थोडा जळका धूरही आत फिरवतात. त्या झडपेला ईजीआर व्हॉल्व्ह म्हणतात. ऑइलची वाफ आणि काजळी एकत्र आली की चिकट काळा थर तयार होतो. तोच आपला कार्बन.

इंजिन पूर्ण गरम व्हायच्या आत बंद केलं, असं रोज झालं, की हा थर लवकर वाढतो. म्हणून कमी किलोमीटर झालेली पण फक्त गावात फिरलेली गाडी जास्त काळवंडलेली निघू शकते.

घरातल्या मोठ्यांना बजाज चेतकचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासलेला आठवत असेल. त्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागायचं, त्यामुळे प्लग, हेड आणि सायलेन्सर काळे व्हायचे. तो कार्बन वेगळा होता आणि तो काढणंही सोपं होतं. आजच्या कारमध्ये तो चार-पाच वेगवेगळ्या जागी बसतो, आणि प्रत्येक जागेचा उपाय वेगळा आहे. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर बराच खर्च वाचतो.

आधी खात्री करा, दोष कार्बनचाच आहे का?

गाडी थरथरण्याची कारणं अनेक असतात. जुना प्लग, खराब कॉइल, भेसळीचं पेट्रोल, फुटलेला हवेचा पाइप. म्हणून पैसे खर्च करण्याआधी या चार गोष्टी पाहा.

• धुराचा रंग: काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ दिसला तर ती बहुधा वाफ असते. गरम इंजिनमधूनही तो येत राहिला तर कूलंट आत जात असण्याची शक्यता असते.

• प्लगचा रंग (पेट्रोल गाडी): फिकट तपकिरी असेल तर चांगलं. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन जास्त जातंय किंवा गाडी सतत जवळच्या जवळ फिरतेय. ओलसर तेलकट काळा असेल तर ऑइल वर येतंय. तिथे दोष पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचा असू शकतो आणि कार्बन साफ करून तो जात नाही.

• पीयूसीची पावती: पेट्रोल गाडीच्या पावतीवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे असतात, डिझेलच्या पावतीवर धुराची घनता. मागच्या पावतीशी ताडून पाहा. आकडा बराच वाढला असेल तर जळणात बिघाड आहे. या तपासणीचे वेगळे पैसे लागत नाहीत, पावती गाडीतच असते.

• चेक इंजिनचा दिवा: दिवा स्थिर असेल तर स्कॅनर लावून कोड बघून घ्या. दिवा लुकलुकत असेल आणि गाडी झटके देत असेल, तर गाडी बाजूला घेऊन थांबा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होऊ शकतो, आणि तो भाग महाग असतो.

घरी करता येण्यासारखं काम: थ्रॉटल बॉडी

इंजिनमध्ये हवा सोडणाऱ्या झडपेच्या भागाला थ्रॉटल बॉडी म्हणतात. पेट्रोल गाडी उभी असताना थरथरत असेल तर पहिला संशय इथे घ्यावा. झडपेच्या कडेला थर साचला की हवा कमी जाते आणि आयडलिंग बिघडतं. सेनगावच्या आतल्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर फाटलेला किंवा नीट न बसलेला असेल, तर धूळही या चिकट थराला येऊन बसते.

लागणारं सामान: थ्रॉटल बॉडी क्लीनरचा स्प्रे, न सुटणाऱ्या धाग्यांचं कापड, जुना मऊ टूथब्रश, हातमोजे, डोळ्यांना चष्मा, स्क्रूड्रायव्हर किंवा पाना.

१. गाडी मोकळ्या हवेत, सावलीत लावा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. स्प्रे पटकन पेट घेतो, म्हणून जवळ विडी-सिगारेट, गॅस, चूल काहीही नको.

२. चावी काढून घ्या. बटण-स्टार्ट गाडी असेल तर चावी घरात ठेवा.

३. काही सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. एअर फिल्टरच्या डब्यापासून इंजिनकडे जाणाऱ्या जाड पाइपचा क्लॅम्प सैल करून पाइप बाजूला करा. पाइपवर सेन्सर असेल तर त्याची वायर ओढू नका, लॉक दाबून काढा.

४. स्प्रे थेट आत न मारता कापडावर मारा. आतली भिंत आणि झडपेच्या कडा पुसा. थर घट्ट असेल तर टूथब्रश वापरा.

५. जुन्या गाडीत ही झडप एक्सिलरेटरच्या केबलने उघडते, ती हाताने अलगद उघडता येते. नव्या गाड्यांमध्ये ती मोटरने चालते. तिला बोटाने जोर लावू नका, आतले गिअर तुटू शकतात. हात पोहोचेल तेवढंच पुसा.

६. दहा मिनिटं वाळू द्या. पाइप परत बसवून क्लॅम्प नीट आवळा. तिथून हवा गळाली तर गाडी आधीपेक्षा जास्त थरथरेल.

७. गाडी सुरू करा. सुरुवातीला आरपीएम थोडं वरखाली होईल. एसी बंद ठेवून काही मिनिटं चालू राहू द्या. दोन दिवसांनीही आयडलिंग जास्तच राहिलं तर गॅरेजमध्ये स्कॅनरने सेटिंग करून घ्यावं लागतं.

हवा मोजणाऱ्या सेन्सरला, म्हणजे एमएएफ सेन्सरला, हा स्प्रे लावू नका. त्याचा क्लीनर वेगळा येतो आणि आतल्या बारीक तारेला हात किंवा कापड लागता कामा नये.

टाकीत टाकायची बाटली कामाची असते का?

हे तुमच्या इंजिनवर अवलंबून आहे. साध्या पेट्रोल गाड्यांमध्ये, ज्यांना आपण एमपीएफआय म्हणतो, पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं. त्यामुळे चांगलं क्लीनर मिसळलं तर इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह दोन्हीपर्यंत ते पोहोचतं. बाटलीवर पॉलिइथर अमाइन असा उल्लेख आहे का बघा. ठेव विरघळवणारं हे नावाजलेलं रसायन आहे.

टीएसआय किंवा टर्बो जीडीआय प्रकारच्या गाड्यांमध्ये मात्र पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडलं जातं. ते व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला लागतच नाही. अशा गाडीत बाटलीने इंजेक्टरला फायदा होईल, व्हॉल्व्हवरचा थर निघणार नाही. तो काढायला इनटेकचा भाग उघडावा लागतो. आक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारून तो साफ करतात. हे घरचं काम नाही.

डिझेल गाडीतही तेच. टाकीतलं औषध इंजेक्टरपर्यंत जातं. ईजीआर आणि इनटेक मॅनिफोल्डमधली काजळी ते काढत नाही, ते भाग उघडूनच साफ करावे लागतात.

गॅरेजमधल्या हायड्रोजन मशीनबद्दलही हाच प्रश्न विचारा: हा वायू कुठे जळणार? तो सिलिंडरच्या आत जळतो. बंद पडलेला ईजीआर किंवा व्हॉल्व्हमागचा जाड थर त्याने निघेल, यावर भरवसा ठेवून पैसे देऊ नका.

बीएस ६ डिझेल असेल तर हे वाचाच

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये साधारणपणे डीपीएफ नावाची जाळी असते. ती काजळी अडवते आणि ठरावीक साठा झाला की गाडी स्वतःच ती जाळून टाकते. त्यासाठी आतलं तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जावं लागतं. मोंढा ते घर एवढ्या फेरीत ते होत नाही. वारंवार अर्धवट राहिलं तर जाळी तुंबते, शिवाय जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ होतं.

डीपीएफचा दिवा लागला तर गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने न थांबता चालवा. अनेक गाड्यांना १५ ते २० मिनिटं लागतात. हिंगोलीहून कळमनुरी, वारंगा फाटामार्गे नांदेडला जाणारा महामार्ग किंवा औंढा नागनाथचा रस्ता यासाठी सोयीचा. वेगमर्यादा ओलांडायची गरज नाही. एक गिअर खाली ठेवला तरी इंजिन पुरेसं फिरतं. दिवा तरीही गेला नाही किंवा लाल झाला, तर तसंच दामटू नका, सर्व्हिस सेंटरला न्या.

एक धोका आपल्या भागातला. सुगीत लोक रस्त्यावर पीक पसरतात, कडेला सोयाबीनचं भुसकट असतं. अशा वेळी सायलेन्सर अतिशय तापलेला असतो. वाळक्या गवतावर किंवा भुसकटावर गाडी उभी करू नका, पेट घेऊ शकते.

"डीपीएफ काढून टाकतो, कटकट संपेल," असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढणं बेकायदेशीर आहे.

हे प्रयोग करू नका

• चालू इंजिनमध्ये पाणी सोडणं: हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये थोडं जास्त पाणी गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं.

• पेट्रोलमध्ये रॉकेल किंवा डिझेल मिसळणं: ते पेट्रोलसारखं जळत नाही, उलट काजळी वाढते.

• डिझेल इंजिनमध्ये हवेच्या मार्गाने स्प्रे मारणं: डिझेल इंजिन कोणतंही ज्वलनशील द्रव्य इंधनासारखं जाळतं. ते हाताबाहेर जाऊ शकतं.

• इरिडियम प्लग तारेच्या ब्रशने घासणं: त्याचं टोक अतिशय बारीक असतं. मुदत संपली असेल तर नवा घाला.

• बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवणं: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो जीव घेऊ शकतो.

पुन्हा साचू नये म्हणून

आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास सलग चालवा. इंजिन गरम झाल्यावर पेट्रोल गाडी थोडा वेळ ३,००० आरपीएमच्या आसपास राहू द्या. उभ्या गाडीत एसी लावून बसणं कमी करा. ऑइल किलोमीटरवर न जाता महिन्यांच्या हिशेबाने बदला, कारण छोट्या फेऱ्यांत ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. एअर फिल्टर धुळीच्या रस्त्यांवर लवकर तपासा. आणि दीड किलोमीटरवरच्या मोंढ्याला जमलं तर चालत किंवा सायकलने जा.

पुढच्या वेळी कुणी "कार्बन क्लीनिंग करून घ्या" म्हणालं, तर एवढंच विचारा: कार्बन कुठे साचलाय, तो कशावरून कळला आणि तुमचं औषध तिथे पोहोचतं का? या तीन प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली, तरच पैसे द्या.