पलायन चौकटीबाहेर, सुटका क्षितिजावर : जेरिकोचा ‘मेड्यूसाचा तराफा’

संकटग्रस्तांची सुटका हा युरोपीय इतिहासचित्राचा जुना विषय आहे. त्यात तारणहार बहुधा चित्राच्या केंद्रस्थानी असतो. ग्रो याच्या १८०४ मधील जाफाच्या चित्रात नेपोलियन प्लेगच्या रुग्णाला हात लावतो आणि प्रेक्षकाची नजर त्या स्पर्शापाशीच थांबते. थिओदोर जेरिकोने १८१९ मध्ये हा संकेत मोडला. तारणहारच नाहीसा केल्यावर सुटकेचे प्रतीक कोठे उरते, हा येथे प्रश्न आहे.

घटना परिचित आहे. सेनेगलकडे निघालेली ‘मेड्यूस’ ही फ्रेंच युद्धनौका २ जुलै १८१६ रोजी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत वाळूत रुतली. राजनिष्ठेच्या बळावर नेमला गेलेला कप्तान शोमारे होडीत बसला. सुमारे १४७ माणसे तराफ्यावर चढविण्यात आली. होड्यांनी तराफा ओढून न्यायचा होता. परंतु दोर सोडले गेले. तेरा दिवसांनी ‘आर्ग्युस’ या जहाजाला अवघे पंधरा जण जिवंत सापडले.

जेरिकोने बंड, नरमांसभक्षण, प्रत्यक्ष सुटका अशा प्रसंगांची रेखाटने केली. अखेर निवडला तो मात्र ‘आर्ग्युस’ प्रथम दिसल्याचा क्षण. सात मीटरांहून रुंद असलेल्या या चित्रात ते जहाज ठिपक्याएवढे आहे. वाराही शीड उलट दिशेला ओढतो आहे. खाली प्रेते, मुलाचे कलेवर मांडीवर घेऊन जहाजाकडे पाठ करून बसलेला वृद्ध आणि सर्वांत वर कापड हलविणारा कृष्णवर्णीय पुरुष, अशी ही रचना चढत जाते. अभिजात परंपरेत नायकासाठी राखलेले शिखर येथे मदत मागणाऱ्याला मिळाले आहे.

‘निराशेकडून आशेकडे’ हे या रचनेचे रूढ वाचन चुकीचे नाही. पण अपुरे आहे. सत्ताधाऱ्यांचे पलायन चित्रात कोठेही दिसत नाही. सालोंमध्ये चित्र ‘जहाज फुटल्याचे दृश्य’ अशा निनावी शीर्षकाखाली मांडले गेले, तरी प्रेक्षकांनी ते पलायन ओळखलेच. याचे कारण रचनेतही आहे. तराफ्याचा अलीकडचा कोपरा प्रेक्षकाच्या जणू पायापर्यंत येतो. जहाज दूर आहे. सर्वांत जवळ आहे तो प्रेक्षकच. तरीही तराफ्यावरील जिवंत माणसे त्याच्याकडे नव्हे, क्षितिजाकडे हात पसरतात. दोर सोडून गेलेल्यांच्या जागी अशा रीतीने प्रेक्षकच उभा राहतो. सुटकेचे प्रतीक येथे आश्वासन उरत नाही; ते अभियोग होते.