भोपाळचा इशारा
भोपाळ म्हटले की २ डिसेंबर १९८४ ची रात्र आठवते. मी मात्र त्याआधीची तीन वर्षे विसरू शकत नाही.

डिसेंबर १९८१ मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जिन वायूने अशरफ खान हा कामगार दगावला. पुढच्याच महिन्यात पुन्हा गळती होऊन २४ कामगार इस्पितळात गेले. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्ये शहराला सावध केले. कंपनी मात्र खर्च कमी करण्यात गुंतली होती. मिथाइल आयसोसायनेट विभागातील कामगार १२ वरून ६ वर आले, टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद झाली. युनियनच्या तक्रारी कोणी ऐकेना. एक कामगार १५ दिवस उपोषणाला बसला, तर कंपनीने त्यालाच कामावरून काढले.

मग ती रात्र आली. सरकारचा पहिला आकडाच २,२५९ मृतांचा होता.

सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत न्यायासाठी साक्ष देण्याचा हुकूम आहे, ती स्वतःच्या विरुद्ध गेली तरी. त्या कामगाराने साक्ष दिली आणि रोजी गमावली. मला वाटते, ती ऐकण्याचे कर्तव्य कंपनीइतकेच सरकारचेही होते, आणि आपलेही.