पगारापलीकडची बांधिलकी

एकाच कार्यालयात शेजारी बसणारे दोघे वीस-वीस वर्षे नोकरी करतात, पण दोघांच्या टिकून राहण्याचे कारण एकच असते असे नाही. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जॉन मेयर आणि नॅटली ॲलन यांनी १९९१ मध्ये या बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले. पहिली भावनिक : संस्था आपली वाटते म्हणून राहणे. दुसरी गरजेपोटीची : घराचे हप्ते आहेत, दुसरीकडे संधी नाही म्हणून राहणे. तिसरी कर्तव्यबुद्धीची. अनेक पाहण्यांचे निष्कर्ष २००२ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा चांगली हजेरी आणि चांगले काम यांचा सर्वांत स्पष्ट संबंध भावनिक बांधिलकीशी आढळला. गरजेपोटीच्या बांधिलकीतून चांगले काम होते, असे दिसले नाही. प्रशिक्षणखर्चाचे बाँड आणि तीन-तीन महिन्यांची नोटीस यांवर विसंबणाऱ्या मनुष्यबळ विभागांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

ही आपुलकी निर्माण कशी होते? अमेरिकेतील रॉबर्ट आयझेनबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडले, की कर्मचारी संस्थेकडे एखाद्या व्यक्तीप्रमाणे पाहतो आणि ‘हिला माझी कदर आहे का’ याचा मनाशी अंदाज बांधतो. कायद्याने किंवा संपाच्या धाकाने दिलेल्या सवलतीपेक्षा आपणहून दिलेली सवलत या हिशेबात अधिक मोलाची ठरते.

जमशेदपूरचा पोलाद कारखाना याचे ठळक भारतीय उदाहरण आहे. तेथे आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये, भविष्यनिर्वाह निधी १९२० मध्ये आणि प्रसूतिलाभ १९२८ मध्ये सुरू झाला. याच गोष्टींचे देशव्यापी कायदे अनुक्रमे १९४८, १९५२ आणि १९६१ मध्ये झाले. टाटांच्या नोकरीभोवती पुढे जे वलय निर्माण झाले, त्यामागे हा इतिहास आहे.

मात्र याच कारखान्यात १९२० आणि १९२२ मध्ये संप झाले. १९२८ चा संप तर अनेक महिने चिघळला. कामगारकपात हा त्यातील कळीचा प्रश्न होता आणि तडजोडीसाठी सुभाषचंद्र बोस यांना मध्ये पडावे लागले. सोयीसवलती निर्णयप्रक्रियेतील विश्वासाची जागा घेऊ शकत नाहीत. कामगारांना व्यवस्थापनात अधिक सहभाग देणारा करार तेथे १९५६ मध्ये झाला.

आयझेनबर्गर यांनी लिंडा रोड्स यांच्यासह २००२ मध्ये सत्तरहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला, त्यातही हेच दिसले. कदर होत असल्याच्या जाणिवेशी सर्वांत निकटचा संबंध न्याय्य वागणुकीचा होता. वरिष्ठांचा आधार आणि मोबदला व कामाची परिस्थिती हे त्यामागून. म्हणूनच वार्षिक मूल्यमापन हा नाजूक प्रसंग ठरतो. पगारवाढ कमी मिळाली हे एकवेळ पचते. निकष कोणते होते हेच कुणी सांगत नाही, तेव्हा मन उडते. आणि हाताखालच्या माणसासाठी अनेकदा साहेबच ‘कंपनी’ असतो.

कर्मचारीकपातीच्या काळात या आपुलकीची खरी कसोटी लागते. जे राहतात ते, गेलेल्यांना कसे वागवले गेले, हे बारकाईने पाहत असतात. जोएल ब्रॉकनर व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कपातीची पद्धत अन्यायाची वाटली तेव्हा ज्यांची बांधिलकी आधी सर्वाधिक होती, त्यांचीच सर्वांत जास्त घसरली.