बत्तीस जणांत एक 'नाही'

मागच्या बैठकीत आपल्या गटातल्या एका ताईंनी विचारलं, "वेशीवर कमान झाली, मग आमच्या आळीतला नळ कोरडा कसा?" बैठकीत कुणालाच उत्तर देता आलं नाही. ते शोधताना आम्हाला जुन्या पुण्यातली एक हकिकत सापडली. आज तीच सांगणार आहोत.

महात्मा जोतीराव फुले म्हटलं की आपल्याला मुलींची शाळा आठवते. पण १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे आपल्यातल्या फार थोड्या जणींना ठाऊक आहे. तेव्हा सभासद आजच्यासारखे मतांवर निवडून येत नसत, सरकार त्यांना नेमत असे. बाई तर त्यात एकही नव्हती. नगरपालिकेची मोठी कमाई जकातीची. म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर पैसे घ्यायचे. व्यापारी ते पैसे मालाच्या किमतीत धरायचा, आणि शेवटी ते गरिबाच्या घरातूनच जायचे.

१८८० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार असं ठरलं. व्हाइसरॉय म्हणजे इंग्रज सरकारचा हिंदुस्थानातला सर्वांत मोठा अधिकारी. त्याच्या स्वागताला शहर सजवायचं, त्यासाठी एक हजार रुपये खर्चायचे, असा ठराव सभेपुढे आला. जोतीराव म्हणाले, हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. मतं घेतली तेव्हा बत्तीस सभासदांपैकी विरोधात एकटे तेच. ठराव अर्थातच मंजूर झाला. साहेबापुढे 'नाही' म्हणायला काय लागतं, ते ग्रामसभेत एकदा तरी उभ्या राहिलेल्या बाईला विचारा!

आणि हा माणूस नुसता बोलणारा नव्हता. त्यांची मांजरीला शेती होती, ते बांधकामाची कंत्राटं घेत, मुळा-मुठा नदीवरच्या धरणाच्या कामाला त्यांनी सामान पुरवलं होतं. दगडचुन्याला काय पडतं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पाण्याचंही तसंच. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला होता. दारूची दुकानं वाढताहेत म्हणून १८८० मध्ये त्यांनी नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांना पत्रही लिहिलं.

आता मंडईची गोष्ट, ती जरा अवघड आहे. पुण्याची भाजी तेव्हा शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात विकली जायची. नगरपालिकेनं शुक्रवार पेठेत मोठी इमारत बांधायचं ठरवलं. जोतीरावांनी त्यालाही विरोध केला. आधी शिक्षण, मग इमारत, असं त्यांचं म्हणणं. तरी इमारत झालीच. १८८६ मध्ये ती उघडली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं तिला रे मार्केट म्हणू लागले. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानं तिचं नाव बदललं. आज तीच महात्मा फुले मंडई! ज्यांनी खर्चाला हरकत घेतली, त्यांचंच नाव.

यावर आमच्या गटात चांगलीच जुंपली. बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन बसणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "जोतीराव मोठे, पण इथं त्यांचं चुकलं. डोक्यावर छप्पर नसलं की अकरा वाजताच मेथी माना टाकते." दुसरी म्हणाली, "पण शाळा नसती तर तुझ्या नातीला हिशेब कोण शिकवणार?" आम्हाला दोघींचंही पटलं. छप्पर ही काही चैन नव्हे. व्हाइसरॉयसाठी लावलेली तोरणं चार दिवसांत उतरली असतील, मंडई मात्र अजून उभी आहे आणि तिथं माल विकला जातोय. म्हणून आमच्या मते ही दोन्ही भांडणं एकाच मापानं मोजू नयेत. मात्र, आधी काय आणि नंतर काय, हा त्यांचा प्रश्न दोन्हीकडे बरोबरच होता.

तेव्हा सभेत बायका नव्हत्या. आता महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा आपल्यासाठी राखीव आहेत, आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. पुढच्या महिला सभेत आम्ही दोन गोष्टी मागणार आहोत: कमानीचा खर्च कोणत्या सभेत मंजूर झाला ते इतिवृत्तातून वाचून दाखवा, आणि नळाचं काम यंदाच्या आराखड्यात घ्या. अर्ज मंगळवारी दिलाय. त्यावर अकरा जणींच्या सह्या आहेत, एका आजींचा अंगठा आहे, आणि शिक्क्याची पोच आमच्या गटाच्या फाईलला लावलेली आहे.